दुरुस्त केलेले हात

पिट्सबर्गच्या पी. एन. सी. पार्कमधल्या दुकानात, सामना सुरू होण्यास थोडा अवकाश असताना, माझ्यापुढे एक गृहस्थ आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा उभे होते. मुलाच्या हातात पॉल स्कीन्सच्या नावाची, पाठीवर ३० हा आकडा असलेली जर्सी होती. वडिलांनी ती त्याच्या हातून अलगद काढून घेतली, पुन्हा खुंटीवर अडकवली आणि त्याच रंगाची, पण पाठ कोरी असलेली दुसरी जर्सी त्याला दिली. “नावाची नको,” ते म्हणाले, “संघ इथेच राहील. तो जाईल.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कडवटपणाही नव्हता, पावसाळा आहे, छत्री घे, असे सांगावे इतक्या सहजपणे त्यांनी ते सांगितले. मला खटकले ते मुलाचे वागणे. त्याने हट्ट केला नाही, तोंड पाडले नाही, कोरी जर्सी अंगाला लावून पाहिली आणि मान हलवली. त्या वयात हे कळावे, आणि कळून पटावे, याचे मला त्या संध्याकाळी सामन्यापेक्षा जास्त नवल वाटत राहिले.

आमच्या लहानपणी रणजी सामने ऐकताना आपला खेळाडू दुसरीकडे निघून जाईल ही शंका सहसा मनात येत नसे. तो निवृत्त होईल, त्याला संघातून वगळतील, पण तो आपलाच राहील. आयपीएलच्या लिलावाने ती समजूत मोडली हे खरे, तरी तिथे निदान प्रत्येक संघाच्या थैलीत सारखीच रक्कम असते. अमेरिकन बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने २०२३च्या डिसेंबरमध्ये शोहेइ ओतानी या एकट्या खेळाडूशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला. पिट्सबर्ग पायरेट्सचा २०२५ सालचा सगळ्या संघाचा मिळून पगार १० कोटी डॉलरच्या आत होता. मोठ्या शहराला दूरचित्रवाणीचे हक्क विकून मिळणारा पैसा लहान शहराला मिळत नाही, आणि मालकांनी खिशात हात घालावा अशी पिट्सबर्गकरांची जुनी मागणी आहे, जी मला अगदी रास्त वाटते. बाजारपेठ लहान आहे हे कारण खरे असले तरी ते फार सोयीचेही आहे. नवोदित खेळाडू मात्र मोठ्या लीगमधली पहिली सहा वर्षे क्लबच्या ताब्यात असतो, त्यांतली पहिली तीन किमान पगाराच्या आसपास. ही सहा वर्षे म्हणजेच लहान क्लबचे भांडवल. सातव्या वर्षी तो खेळाडू जिथे पैसा असेल तिथे जातो, आणि शहाणा क्लब त्याआधीच त्याला कुणाच्या तरी बदल्यात देऊन मोकळा होतो. त्या गृहस्थांचा हिशेब चूक नव्हता.

बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, हा संघाचा सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भाग. चेंडू खांद्यावरून ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने, पुन्हा पुन्हा, पूर्ण ताकदीनिशी फेकण्यासाठी माणसाचे कोपर घडवलेले नाही. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातल्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवला. ती शस्त्रक्रिया आज इतकी सर्रास झाली आहे की रुग्णाचे नाव हेच तिचे नाव झाले. श्रीमंत संघाचा एक हात निकामी झाला तर तो दुसरा विकत घेतो. गरीब संघापाशी दोनच मार्ग उरतात: कोवळे हात पारखून वाढवायचे, किंवा दुसऱ्यांनी टाकून दिलेले हात उचलून दुरुस्त करायचे.

पायरेट्सनी हे दुसरे काम एकदा असे करून दाखवले होते की त्याची आठवण निघाली की इथले लोक आजही खुर्चीत सरसावून बसतात. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे या संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. पोर पाळण्यात असताना सुरू झालेली ही रांग ते कॉलेजात जाईपर्यंत संपली नव्हती. मग २०१३ आले. त्या वर्षी संघाने ९४ सामने जिंकले आणि १ ऑक्टोबरच्या रात्री सिनसिनाटीविरुद्धचा एकाच सामन्याचा निकाली मुकाबला पी. एन. सी. पार्कवर झाला. चाळीस हजारांहून अधिक लोक काळे कपडे घालून आले होते. अॅलेगेनी नदीवरचा रॉबेर्टो क्लेमेंटे पूल सामन्याच्या दिवशी वाहनांना बंद असतो. त्या पिवळ्या पुलावरून काळी गर्दी मैदानाकडे सरकत होती. सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो याचे नाव लोक सुरात, लांबवून, चिडवत ओरडू लागले, क्वेटोच्या हातून चेंडू निसटून खाली पडला, आणि त्याने पुढचा चेंडू टाकताच पायरेट्सच्या रसेल मार्टिनने तो प्रेक्षकांत भिरकावला. त्या रात्रीची ही चित्रफीत कुणीही दाखवते. मला मात्र त्याच सामन्यात नऊपैकी सात इनिंगांत एकच धाव देणारा डावखुरा पिचर फ्रान्सिस्को लिरियानो अधिक आठवतो, कारण त्या उन्हाळ्याची सगळी गोष्ट त्याच्यात सामावलेली आहे.

लिरियानोला २०१२ साली कुणी विचारत नव्हते. २००६ मध्ये मिनेसोटाकडून त्याने फलंदाजांची झोप उडवली होती; त्याच वर्षअखेरीस कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर तो कधी अचाट, कधी अगदी बेभरवशाचा होत गेला. २०१२ मध्ये दर नऊ इनिंगांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी ५.३४ होती. पायरेट्सनी त्याच्याशी दोन वर्षांचा करार ठरवला, आणि नाताळात मुलांना गंमत म्हणून घाबरवताना दारावर आपटून त्याने आपला उजवा हात मोडून घेतला. फेकण्याचा हात डावा असल्यामुळे क्लबने त्याला सोडले नाही. करार नव्याने लिहिला आणि पहिल्या वर्षाची हमीची रक्कम फक्त १० लाख डॉलर ठेवली. त्या वर्षी तो १६ सामने जिंकला, सरासरी ३.०२ वर आली आणि नॅशनल लीगमधला पुनरागमनाचा पुरस्कार त्याला मिळाला. त्याच्या आधीच्या वर्षी असाच आला होता ए. जे. बर्नेट. न्यू यॉर्कच्या यांकीजना तो इतका नकोसा झाला होता की त्याच्या उरलेल्या ३.३ कोटी डॉलरपैकी २ कोटी भरून त्यांनी तो पिट्सबर्गला दिला. येताच सरावात बंट करताना, म्हणजे बॅटने चेंडू नुसता हलकेच ढकलताना, चेंडू स्वतःच्याच डोळ्याजवळ लागून त्याचे हाड मोडले. सावरला तो असा की २०१३ मध्ये त्याने २०९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. अंगावर गोंदलेला, कपाळाला आठ्या घातलेला हा माणूस या शहराने आपला मानला, आणि कारकिर्दीचे शेवटचे वर्ष खेळायला तोही इथेच परतला.

या दुरुस्त्यांमागे रे सीरेज नावाचा पिचिंग प्रशिक्षक होता. तो स्वतः कधी काळी मोठ्या लीगमधला मध्यम प्रतीचा डावखुरा पिचर, पिचरच्या मनाचा त्याला चांगला अंदाज. चार्ली मॉर्टनचे उदाहरण मला फार आवडते. २०१० मध्ये मॉर्टन दोन सामने जिंकला, बारा हरला आणि त्याची सरासरी ७.५७ होती, इतक्या आकड्यांनंतर बहुतेक क्लब माणसाला घरी पाठवतात. त्याऐवजी त्याच्या हाताचा कोन खाली आणला गेला, जवळजवळ रॉय हॅलडे या नामवंत पिचरच्या फेकीची नक्कल वाटावी इतका, आणि शेवटच्या क्षणी खाली बसणारा सिंकर हा त्याचा मुख्य चेंडू ठरला. पुढच्या वर्षी सरासरी ३.८३. दोरी ओढल्यासारखा तो चेंडू गुडघ्याशी उतरे आणि फलंदाजाची बॅट त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर बसे. फटक्याचा खणखणीत आवाज येत नसे, लाकडावर थापटल्यासारखा बोदा आवाज येई आणि चेंडू गवतावरून टप्पे खात क्षेत्ररक्षकाकडे जाई.

तो गवतावरून जाणारा चेंडू, हेच तर त्या संघाचे गुपित होते. स्ट्राइकआउट करणारे पिचर महाग असतात, चेंडू जमिनीवर मारायला लावणारे स्वस्त. त्यामुळे पायरेट्सनी आपल्या पिचरना खाली आणि फलंदाजाच्या अंगाजवळ फेकायला शिकवले, आणि कोणता फलंदाज कुठे मारतो याच्या नोंदी चाळून क्षेत्ररक्षकांना नेहमीच्या जागा सोडून तिथे उभे केले. २०१३ मध्ये जमिनीवरून गेलेल्या फटक्यांचे प्रमाण सगळ्या लीगमध्ये पायरेट्सच्या पिचरविरुद्ध सर्वाधिक होते. रसेल मार्टिनला दोन वर्षांसाठी १.७ कोटी डॉलर देऊन आणले तेव्हा अनेकांना ते एका कॅचरसाठी, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्यासाठी, जास्त वाटले होते. पण मार्टिनचे हातमोजे पाहत राहावेत असे होते. ज्या चौकटीतून गेलेला चेंडू पिचरच्या बाजूने मोजला जातो त्या स्ट्राइकच्या चौकटीच्या कडेवर, किंवा तिच्या किंचित बाहेर आलेला चेंडू तो मनगट न हलवता झेलायचा, आणि झेल संपता संपता मोजा इतका हळू आत यायचा की मागे उभ्या असलेल्या पंचाला तो स्ट्राइकच वाटावा. अशा एकेका उसन्या स्ट्राइकने पिचरचे काम हलके होते. एक चेंडू कमी टाकावा लागतो, कोपर तेवढेच वाचते. लहान क्लबने पिचिंग कसे उभे करावे असे मला कुणी विचारले तर मी आधी कॅचरकडे आणि क्षेत्ररक्षकांकडे बोट दाखवीन.

पुढे याच शिकवणीने घात केला.

२०१५ मध्ये संघाने ९८ सामने जिंकले, जेरिट कोल हा २०११च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीतला, पहिला खेळाडू १९ सामने जिंकणारा प्रमुख पिचर झाला, आणि पायरेट्सची पद्धत इतर संघ अभ्यासू लागले. अभ्यास फलंदाजांनीही केला. खाली येणारा चेंडू जमिनीवर ढकलण्याऐवजी बॅट खालून वर फिरवून तो हवेत उचलायचा, ही नवी चाल सगळीकडे पसरली आणि सिंकर पूर्वीसारखा सुरक्षित राहिला नाही. उत्तर चौकटीच्या वरच्या भागात होते: वेगवान, न बसणारा सरळ चेंडू वर, आणि त्याच्या पाठोपाठ खाली कोसळणारा वळणदार चेंडू. हे पिट्सबर्गला उशिरा उमगले. २०१८च्या जानेवारीत कोलला ह्यूस्टनकडे पाठवले तेव्हा आदल्या वर्षाची त्याची सरासरी ४.२६ होती; ह्यूस्टनने त्याचा सिंकर जवळजवळ बाजूला ठेवला, आणि २०१९ मध्ये ३२६ स्ट्राइकआउट करून तो यांकीजच्या ३२.४ कोटी डॉलरच्या करारापर्यंत पोहोचला. त्याच २०१८च्या जुलैअखेरीस क्रिस आर्चर या पिचरसाठी टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि नंतर शेन बाझ असे तिघे टॅम्पा बेला दिले गेले. टॅम्पा बे हाही गरीबच क्लब, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पिट्सबर्गमध्ये चाचपडणारा ग्लासनाउ तिथे काही आठवड्यांत वेगळा माणूस झाला. पुढे २०२१ मध्ये पिचर क्ले होम्सला यांकीजना दिले, आणि पुढच्याच वर्षी तो निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात होता. दुसऱ्यांचे टाकलेले हात दुरुस्त करणारा क्लब आता स्वतःचे हात टाकत होता आणि दुसरे ते दुरुस्त करत होते. २०१९चा हंगाम संपता संपता व्यवस्थापक क्लिंट हर्डल, सीरेज आणि सरव्यवस्थापक नील हंटिंग्टन तिघांनाही निरोप मिळाला.

सीरेजवर सगळा दोष टाकणे मला अन्यायाचे वाटते. एखादी युक्ती चालली की ती सोडवत नाही, आणि वीस वर्षांच्या पराभवांतून जिने बाहेर काढले ती युक्ती तर कुणालाच सोडवली नसती. पण गरीब क्लबला ती चैन परवडत नाही. त्याची युक्ती तीन-चार वर्षांत सर्वांची होते, आणि सर्वांची झाली की ज्यांच्याकडे पैसा आहे तेच तिचा जास्त फायदा घेतात. शिवाय नियमही बदलतात. क्षेत्ररक्षकांना एका बाजूला गोळा करण्यावर २०२३पासून बंधने आली. चेंडू-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राच्या आधारे आव्हान देण्याची सोय २०२६पासून मंजूर झाली आहे, म्हणजे मार्टिनच्या त्या मऊ मनगटाची किंमतही काहीशी उतरणार. जुन्या भांड्यांना कल्हई करून देणाऱ्यासारखी या क्लबची गत आहे: काळे पडलेले भांडे त्याच्याच भट्टीवर लखलखते, पण मांडले जाते दुसऱ्याच्या फडताळात.

ते लखलखणारे भांडे दुसऱ्याकडे पाहताना काय वाटते, हे पिट्सबर्गच्या लोकांना विचारावे. १ नोव्हेंबर २०१७ला वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात ह्यूस्टनसाठी शेवटच्या चार इनिंगा टाकून विजय मिळवून दिला तो चार्ली मॉर्टनने. २०२१च्या वर्ल्ड सिरीजमध्ये अटलांटाकडून खेळताना सणसणीत फटका पायावर बसून त्याचे हाड मोडले, आणि तो त्याच मोडक्या पायावर आणखी काही फलंदाजांना बाद करून मगच मैदानाबाहेर गेला. त्या वेळी माझ्या सोबत बसलेल्या, इथेच जन्मलेल्या शेजाऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि लगेच एक शिवी हासडली. कुणाला, ते त्याने सांगितले नाही. अभिमान आणि जळजळ यांचे इतके सरळ मिश्रण मी दुसरीकडे फारसे पाहिलेले नाही.

स्वस्त हातांच्या शोधात हा क्लब किती लांब गेला होता याचा एक धागा भारतापर्यंत येतो. २००८ साली भारतात वेगाने आणि अचूक चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली, हजारो मुलांनी भाग घेतला, आणि तिच्यातून निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंशी त्या नोव्हेंबरमध्ये करार केला तो पायरेट्सनीच. पुढच्या उन्हाळ्यात दोघे फ्लोरिडातल्या ब्रेडंटन गावी, क्लबच्या अमेरिकेतल्या सर्वांत खालच्या संघात खेळले. दिनेश लवकर परतला. रिंकू काही वर्षे टिकला, दुखापतींनी थांबला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. इथल्या मराठी घरांत, पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरातल्या जेवणाच्या पंगतीत, हा विषय निघाला की कुणीतरी हसून त्याला जाहिरातबाजी म्हणते. जाहिरात त्यात होतीच. पण ज्या क्लबला न्यू यॉर्कशी लिलावात बोली लावता येत नाही, त्याने जिथे कुणी पाहत नाही तिथे पाहावे, यात मला वेडेपणा दिसत नाही. फरक एवढाच की लिरियानोला दहा लाखांत घेताना त्याच्या डाव्या हातात काय आहे हे क्लबला नेमके माहीत होते, आणि या दोन मुलांच्या बाबतीत नुसती आशा होती.

कोवळे हात पारखण्याचा मार्ग अधिक खात्रीचा, पण त्याची किंमत हरण्यात मोजावी लागते. नव्या व्यवस्थापनाने २०२१ मध्ये १०१ आणि २०२२ मध्ये १०० सामने हरलेले संघ पाहिले. त्या डिसेंबरात ड्राफ्टच्या क्रमासाठी पहिल्यांदाच सोडत निघाली आणि पहिला क्रमांक पायरेट्सना लागला. त्या क्रमांकावर २०२३ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा पॉल स्कीन्स आला, ९२ लाख डॉलरच्या विक्रमी बोनसवर. ११ मे २०२४ला तो पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उभा राहिला. ताशी १६० किलोमीटरच्या आसपासचा सरळ चेंडू, आणि जवळजवळ त्याच वेगाने येऊन खाली बुडणारा, ज्याला सगळे स्प्लिंकर म्हणतात तो दुसरा. मैदानात बसून तो ऐकावा. कॅचरच्या मोज्यात चेंडू शिरण्याचा आवाज वरच्या मजल्यावर पोहोचतो तेव्हा फलंदाजाने बॅट फिरवून झालेली असते. त्याच जुलैत मिलवॉकीविरुद्ध त्याने सात इनिंगांत एकही हिट, म्हणजे फलंदाज तळ गाठेल असा फटका, दिली नव्हती, ११ जणांना स्ट्राइकआउट केले होते, आणि ९९ चेंडूंनंतर त्याला बाहेर काढले गेले. दूरचित्रवाणीसमोर आम्ही सगळे ओरडलो. तरी मनाच्या एका कोपऱ्यात मला तो निर्णय पटत होता, कारण एका संध्याकाळच्या विक्रमासाठी ते कोपर पणाला लावणे या क्लबला परवडणारे नाही. आणि पटत होता म्हणून वाईटही वाटत होते. त्याच्याबरोबर आलेल्या जेर्ड जोन्सच्या कोपरावर पुढच्या वर्षी मे महिन्यात शस्त्रक्रिया झालीच.

टॅम्पा बेने यावर वेगळेच उत्तर काढले होते. १९ मे २०१८ला त्यांनी सर्जियो रोमो या शेवटच्या इनिंगांच्या पिचरला पहिल्या इनिंगला उभे केले आणि लगेच काढून घेतले; सामना चार-पाच हातांत वाटून द्यायचा, म्हणजे एकाच महागड्या हातावर भार नको. डोके म्हणून मी त्याला मानतो, पण चार-पाच अनोळखी पिचर येऊन जाताना पाहणे मला कोरडे वाटते. क्लीव्हलँडची रीत मला अधिक भावते: चौथ्या फेरीत घेतलेल्या शेन बीबरसारख्या अचूक फेकणाऱ्या मुलाला वेग शिकवायचा, कारण वेग वाढवता येतो आणि अचूकता फारशी येत नाही, असा त्यांचा कयास. बीबरने २०२० मध्ये सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार जिंकला. या दोन्ही क्लबांनी पिचर जपले नाहीत. त्यांनी शिकवणारी माणसे आणि त्यांची शंकेखोर वृत्ती जपली, आणि पिचर जात राहिले तरी मागून नवे येत राहिले. पिट्सबर्गने २०१५ नंतर नेमके हेच गमावले होते, आणि मिच केलर, जोन्स, बब्बा चँडलर, स्कीन्स या नव्या फळीकडे पाहता ते काही अंशी परत मिळवले आहे असे मला वाटते.

आता अडचण दुसरीकडे आहे. २०२५ मध्ये स्कीन्सची सरासरी १.९७ होती, साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला, आणि त्याची जय-पराजयाची नोंद होती १०-१०. तो दोन धावा देई तेव्हा त्याचा संघ एक करी. त्या वर्षी लीगमधल्या तीस संघांत सर्वांत कमी होमरन, म्हणजे कुंपणापार गेलेले फटके, पायरेट्सचे होते आणि संघ ९१ सामने हरला. पिचिंग उभे करून फलंदाजी विसरलेला हा क्लब पाहताना राग येतो, कारण घड्याळ चालू आहे. २०२४ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरल्यामुळे नियमानुसार स्कीन्सला मे महिन्यात येऊनही पूर्ण वर्षाचे श्रेय मिळाले, म्हणजे २०२९चा हंगाम संपताच तो मोकळा होईल. कोलला क्लबने ताब्याची दोन वर्षे शिल्लक असताना दिले होते. तोच हिशेब लावला तर स्कीन्सची पाळी २०२७चा हंगाम संपल्यावरच्या हिवाळ्यात येते. तोवर २०२६ आणि २०२७ हे दोनच उन्हाळे हाती. त्या दोन उन्हाळ्यांत चेंडू कुंपणाबाहेर मारणारी दोन-तीन माणसे विकत घेण्यासाठी मालकांनी खिशात हात घालावा, आणि या वेळी बाजारपेठ लहान असल्याचे कारण सांगू नये.